चंडीगडचा एक दिवस

प्रश्न : जूनमध्ये चंडीगडला बहिणीकडे जातोय. नऊ वर्षांच्या मुलाला जुन्या इमारतींचं आणि युद्धकथांचं वेड आहे. एका दिवसात काय दाखवू?

उत्तर : जुनं म्हणाल, तर शहरच स्वातंत्र्यानंतरचं! तरी वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचा कॅपिटॉल कॉम्प्लेक्स २०१६ पासून जागतिक वारसा आहे. ऊन चढण्याआधी जा, ओळखपत्र न्या. तिथला वाऱ्याबरोबर फिरणारा २६ मीटर उंच ‘खुला हात’ मुलाला नक्की आवडेल. काँक्रीटचं कौतुक तुम्ही करा. दुपारी सेक्टर १८ मधलं हवाई दलाचं वारसा केंद्र, संध्याकाळी सेक्टर ३ मधलं युद्धस्मारक. रात्री मात्र शेजारचे एखादे आजोबा गाठा आणि १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या ब्लॅकआउटबद्दल, काचांवर चिकटवलेल्या कागदांबद्दल विचारा. मे २०२५ मधल्या भारत-पाक संघर्षातले हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे तर भाचरंच सांगतील.