काडी आधी, गॅस मागून

मी हेडमास्तर होतो तेव्हाची गोष्ट. एके दिवशी सकाळी एक गृहस्थ शाळेत आले. त्यांची मुलगी नववीत होती. आदल्या दिवशी प्रयोगशाळेत तिच्या मनगटाला भाजले होते. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "गुरुजी, पोरीचं नाव काढा. शिकायला पाठवली होती, भाजून घ्यायला नाही. उद्या हातावर डाग राहिला, तर तिचं लग्न तुम्ही जमवणार का?"

मी काय बोलणार? चूक मुलीची नव्हती, आमची होती. ती कशी, ते पुढे सांगतो. त्यांना मी एवढेच म्हटले, "नाव काढायचं तर काढू. पण शनिवारी शाळा सुटल्यावर या. मुलीच्या आईलाही आणा. ज्या विस्तवानं भाजलं तो एकदा डोळ्यांनी बघा. मग काय ते ठरवा."

शनिवारी दोघेही आली. त्यांना जे दाखवले तेच आता तुम्हाला सांगतो. तुमचीही मुले शाळेत हेच प्रयोग करतात.

प्रयोगशाळेच्या टेबलावर जड बैठकीची एक उभी नळी असते. तिला बर्नर म्हणतात. उंची वीतभराहून थोडी कमीच. खालून रबरी नळीने गॅस येतो आणि एका बारीक भोकातून वर उसळतो. भोकाच्या जरा वर नळीला एक छोटी खिडकी असते. खिडकीवर कडे बसवलेले असते. कडे फिरवले की खिडकी उघडते किंवा मिटते. तिच्यातून हवा आत जाते. चुलीला आपण फुंकणीने वारा घालतो ना, तेच काम ही खिडकी करते.

जर्मनीत हायडेलबर्ग नावाचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठात रॉबर्ट बन्सेन हे शास्त्रज्ञ शिकवीत. त्यांच्यासाठी १८५५ च्या सुमारास पेटर डेसागा या कारागिराने हा बर्नर घडवला. नाव मात्र बन्सेनचेच राहिले. कारागिराला कोण लक्षात ठेवतो! या बन्सेनचा एक डोळा पूर्वी एका स्फोटात अधू झाला होता. तो स्फोट बर्नरचा नव्हता, एका विषारी रसायनाचा होता. पण प्रयोगाच्या वेळी चष्मा का घालायचा, हे मुलांना सांगताना मी नेहमी त्याचेच नाव घेत असे.

या बर्नरची ज्योत दोन तऱ्हांची असते. खिडकी मिटलेली असली की गॅसला हवा कमी पडते. ज्योत पिवळी होते, हलते, भांड्याला काजळी धरते. खिडकी उघडली की गॅस हवेत मिसळून पुरता जळतो. ज्योत निळी होते. तिची आच फार कडक असते. आणि खरा धोका इथेच आहे. पिवळी ज्योत दुरून दिसते. निळी ज्योत भर उन्हात दिसतच नाही.

मी खिडकीजवळच्या टेबलावर बर्नर पेटवला. बाहेर लख्ख ऊन होते. कडे फिरवून ज्योत निळी केली. मग मुलीच्या वडिलांना विचारले, "पेटलाय का विझलाय?"

ते वाकून बघू लागले. मी त्यांना खांद्याला धरून मागे ओढले.

"तुमच्या मुलीचं हेच झालं," मी म्हणालो. "प्रयोग संपला होता. शिक्षक फळ्याकडे वळले. ज्योत निळीच राहिली. पलीकडची वही घ्यायला पोरीनं बर्नरवरून हात नेला. तिला ज्योत दिसलीच नाही."

काम थांबले की लगेच खिडकी मिटून ज्योत पिवळी करायची किंवा गॅस बंद करायचा, हा नियम आहे. तो आम्ही पाळला नव्हता. त्या वर्गात चाळीस मुले आणि एकच शिक्षक, ही अडचण खरी. पण पोरीच्या हाताला ती अडचण सांगून काय उपयोग?

मग मी त्यांना म्हटले, "आता तुम्ही पेटवा."

त्यांनी पुढे होऊन आधी गॅसची चावी फिरवली आणि मग काडेपेटी शोधू लागले. मी चटकन चावी बंद केली. मुलीची आई म्हणाली, "घरीबी असंच करत्यात. गॅस सोडून ठिवायचा आन् मग पेटी कुठाय म्हणून वरडायचं."

बहुतेक घरांत असेच चालते. गॅस आधी सोडला तर तो आसपास साठतो. मग काडी ओढली की साठलेला सगळा गॅस एकदम पेट घेतो. भडका होतो. तोंड, भुवया, केस भाजतात. म्हणून काडी आधी, गॅस मागून.

पेटवण्याची रीत अशी. वेणी बांधावी, ओढणी किंवा पदर खोचावा, सैल बाही वर सारावी. टेबलावरची वह्या-पुस्तके दूर करावी. रबरी नळी वाकवून बघावी. चिरा असतील तर तो बर्नर वापरूच नये. बर्नरची खिडकी मिटावी. मग काडी पेटवून नळीच्या तोंडाजवळ बाजूने धरावी. आपले तोंड नळीवर आणू नये. आता हळूच गॅस सोडावा. पिवळी ज्योत नीट लागली की मग खिडकी उघडावी.

खिडकी उघडी ठेवूनच पेटवले, तर कधी ज्योत नळीच्या आत शिरते आणि तळाशी जळू लागते. आतून सूं सूं आवाज येतो आणि नळी तापते. तेव्हा नळीला हात लावू नये. आधी गॅस बंद करावा, बर्नर निवू द्यावा आणि खिडकी मिटून पुन्हा पेटवावे.

परीक्षानळी तापवताना तिचे तोंड ना आपल्याकडे, ना शेजाऱ्याकडे. आतले द्रव्य उकळून एकदम बाहेर उडते. तापलेली तिवई आणि गार तिवई दिसायला सारखीच, म्हणून चिमटा वापरावा.

खेड्यातल्या पुष्कळ शाळांत गॅस नसतो, स्पिरिटचा दिवा असतो. तो जळत असताना त्यात स्पिरिट ओतू नये. एका दिव्यावर दुसरा पेटवू नये. विझवताना फुंकू नये, वर टोपण ठेवावे.

ज्योत आपोआप विझली आणि गॅसचा वास आला, तर काडी ओढू नये. विजेचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्या, मुलांना बाहेर काढावे. घरी असा प्रसंग आला तर बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. तो गॅस गळतीसाठीच आहे.

मुलीच्या आईने विचारले, "भाजल्यावर हळद लावली नाही तुम्ही?"

नाही लावली. कोणीतरी टूथपेस्ट आणली होती, तीही बाईंनी लावू दिली नाही. मुलीच्या बांगड्या आधी काढल्या, कारण हात सुजला की त्या रुततात. मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरला. बर्फ नाही, तेल नाही, शाई नाही. फोड फोडायचा नाही. स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखान्यात नेले. वेळेवर पाणी मिळाले म्हणून थोडक्यात निभावले, असे डॉक्टर म्हणाले. कपड्यांनी पेट घेतला तर मात्र पळू नये, पळाल्याने आग वाढते. जमिनीवर पडून लोळावे, किंवा वरून कांबळे टाकावे.

निघताना मुलीचे वडील म्हणाले, "घरची शेगडीबी अलीकडं पिवळी जळती. भांडी काळी व्हत्यात."

मी म्हटले, "तिचीही हवेची वाट बुजली असेल, नाहीतर भोकं खरकट्यानं भरली असतील. साफ करून घ्या. मीठ उतू गेलं तरी ज्योत क्षणभर पिवळी होते, त्याला भिऊ नका. आणि आता तुम्ही रात्रीच्या वर्गात वाचायला शिकताय ना? मग घरी जाऊन नळीवरचं साल वाचा. पाच वर्षं झाली की नळी बदलायची. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर. ती तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नका, परत करा."

दोन दिवसांनी ते मला बाजारात भेटले. हातात नव्या नळीचे भेंडोळे होते. घरची नळी सात वर्षांची निघाली होती. साल त्यांनी स्वतः वाचले होते. मुलीचे नाव काढण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.