इग्वाना माणसाळतो तेव्हा

मुलांनो, घोरपड तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्याच घडणीचा, परंतु पाठीवर काट्यांची रांग मिरविणारा एक हिरवा प्राणी मध्य व दक्षिण अमेरिकेतील अरण्यांत झाडांवर राहतो. तो इग्वाना होय. घोरपड मांसाहारी, तर इग्वाना पाला, फुले व फळे यांवर निर्वाह करणारा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुष्कळ लोक हा प्राणी हौसेने पाळतात. विकत आणलेले पिल्लू जेमतेम वीतभर असते. काही वर्षांत तेच शेपटीसह पाच-सहा फूट लांब होते. मग पेटी अपुरी पडते, हौस ओसरते आणि कोणी त्याला कालव्याकाठी सोडून देतो. फ्लॉरिडा संस्थानात मोकळे सुटलेले इग्वाना इतके वाढले, की २०२१ साली तेथे ते नव्याने पाळण्यास बंदी झाली. दैव बरे असेल, तर अशा टाकलेल्या प्राण्याला एखादा दयाळू मनुष्य घरी आणतो.

त्याची हाडे पुष्कळदा वाकलेली असतात. उन्हातील अतिनील किरणांनी शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते व हाडे बळकट होतात. पण खिडकीची काच नेमके तेच किरण अडविते. म्हणून आधी ऊन, ऊब आणि हिरवा पाला. माणसाळविण्याची गोष्ट नंतर.

इग्वानाच्या माथ्यावर एक फिकट ठिपका असतो. तो त्याचा तिसरा डोळाच! त्याने आकृती दिसत नाही, केवळ उजेड व सावली कळते. रानात वरून सावली पडली, की ससाणा आला असे तो समजतो. आपला प्रेमाचा हातही वरून आला, तर त्याला ससाण्यासारखाच वाटतो. मग तो गळ्याखालची पोळी ताणतो, अंग फुगवितो आणि चाबकासारखी शेपटी हाणतो.

फटका बसताच माणूस पळाला, तर फटक्याने संकट टळते हा धडा इग्वाना पक्का शिकतो. तेव्हा जाड बाह्यांचा सदरा घालून तेथेच स्वस्थ बसावे व तो शांत झाल्यावरच उठावे. रोज ठरल्या वेळी जवळ बसून हलक्या आवाजात वाचीत राहावे. पुढे हात बाजूने, खालून आणि सावकाश न्यावा; हातात जास्वंदीचे फूल असावे. शेपटी तर कधीच धरू नये, ती तुटते. नंतर हात साबणाने धुवावेत, कारण या प्राण्यांच्या अंगावर रोगजंतू असू शकतात.

कुरवाळताना त्याने डोळे मिटले, की मालकाला धन्यता वाटते. पुष्कळदा तो बिचारा केवळ आपल्याला टाळीत असतो! खरी खूण निराळी. तो आपण होऊन पुढे येतो, जिभेचे टोक बोटाला लावून पाहतो आणि फूल घेतो. याला कित्येक महिने, क्वचित वर्षही लागते. त्यातून नर असला, तर विणीच्या हंगामात तो पुन्हा तापट होतो आणि पुस्तक घेऊन दूर बसण्यापासून सारी उजळणी करावी लागते.