सोमाटणे फाट्यावरून डेट्रॉइटकडे पाहताना

बारावीचा निकाल लागला म्हणजे सोमाटणे परिसरातील आईवडिलांपुढे एकच विवंचना उभी राहते, ती ही की मुलाने हिंजवडीच्या आयटी कंपन्यांची वाट धरावी की तळेगाव एमआयडीसीतील यंत्रांची. ही चिंता निराधार खास नाही. कारण ज्या जनरल मोटर्सने 2008 मध्ये तळेगावी मोटारींचा कारखाना चालू केला, तिनेच 2020 च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबविले, आणि पर्मनंट नोकरीच्या भरवशावर संसार मांडलेल्या कामगारांवर न्यायालयाची पायरी चढण्याची पाळी आली.

या कंपनीचे मुख्य दप्तर ज्या डेट्रॉइट शहरी आहे, त्याचा वृत्तान्त पालकांनी अवश्य समजून घ्यावा. हेन्री फोर्डने 1913 मध्ये त्या शहरालगतच्या हायलंड पार्क येथे सरकत्या पट्ट्यावर मोटार जुळविण्याची पद्धत पाडली, पुढच्याच वर्षी दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, आणि दूरदूरचा कामकरी तिकडे लोटला. परंतु 1950 साली साडेअठरा लाखांच्या घरात गेलेली वस्ती, कारखाने उपनगरांत व परप्रांतांत हलल्याने आणि सुखवस्तू कुटुंबे शहर सोडून गेल्याने, 2020 च्या शिरगणतीत साडेसहा लाखांच्याही खाली उतरली, व मधल्या काळात, 2013 मध्ये, नगरशासनाला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्या विपन्नावस्थेत, ज्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर डिएगो रिव्हेराने कारखान्यातील श्रम चितारले आहेत, तेथील कलासंपत्ती विकून देणी भागविण्याची भाषा निघाली असता, दानसंस्थांनी व मिशिगन राज्याने द्रव्य उभे करून तो संग्रह राखला आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनीलाही आधार दिला. त्या शहराचे हे कर्तृत्व मला त्याच्या मोटारींहून थोर वाटते.

1988 पासून ओस पडलेले तेथील मिशिगन सेंट्रल स्थानक फोर्ड कंपनीने 2018 मध्ये विकत घेतले आणि 2024 मध्ये ते वाहतुकीच्या नव्या तंत्रज्ञानाचे कार्यस्थान म्हणून खुले झाले. तळेगावचा कारखाना घेण्याचा करारही ह्युंदाईने 2023 मध्ये केला. आजच्या मोटारीत यंत्र, वीज आणि संगणकाची आज्ञावली यांची अशी गुंफण झाली आहे की हिंजवडी की तळेगाव हा प्रश्नच पूर्वीइतका कठोर उरलेला नाही. म्हणून मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने यंत्रांचे नियंत्रण करणारे पीएलसी व प्रोग्रॅमिंग शिकावे, संगणकाच्या विद्यार्थ्याने मोटर आणि सेन्सर स्वतः जोडून पाहावेत, आणि आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्यास कोणी कमी लेखू नये. प्रवेशापूर्वी पालकांनी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन तेथील यंत्रे चालू आहेत काय, त्यांवर मुलांचा हात प्रत्यक्ष फिरतो काय, आणि शिकाऊ उमेदवारीची तजवीज कोणत्या कारखान्यात होते, याची खातरजमा करावी; मुलगा वा मुलगी एमएससाठी मिशिगनला निघाली, तर एखाद्या कंपनीच्या नावावर भिस्त ठेवून वडिलोपार्जित जमीन गहाण टाकू नये, शिष्यवृत्ती आणि कर्जफेडीची मुदत यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा.