लोखंडाच्या पोटातील स्फटिक

सैबेरियातील क्रास्नोयार्स्क नगराच्या दक्षिणेस, डोंगराळ मुलखात, १७४९ साली याकोव्ह मेदवेदेव नावाच्या एका लोहाराच्या दृष्टीस सुमारे सातशे किलो वजनाचा लोखंडाचा गोळा पडला. लोखंड हा त्याच्या रोजच्या हाताखालचा धातू. त्यामुळे हे लोखंड नेहमीचे नव्हे, हे त्याच्या ध्यानी आले. मोठ्या कष्टाने त्याने तो गोळा आपल्या गावी आणला. त्या भागातील तातार लोक त्याला आकाशातून पडलेली पवित्र वस्तू मानीत. पुढे १७७२ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पल्लास यांनी तो पाहिला व त्याचे वर्णन लिहून ठेवले. लोखंड स्पंजासारखे सच्छिद्र होते आणि त्याच्या छिद्राछिद्रांत पिवळसर, काचेसारखे पारदर्शक स्फटिक बसलेले होते.

हे स्फटिक ऑलिव्हीन या खनिजाचे होत. मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे ते संयुग आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही ते काही ठिकाणी बारीक कणांच्या रूपाने आढळते. परंतु शुद्ध धातूच्या कुशीत ते कसे आले?

त्या काळच्या युरोपातील विद्वानांपाशी याचे उत्तर नव्हते, कारण आकाशातून दगड-लोखंड पडते हेच त्यांना मान्य नव्हते. १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्यूसे येथे शेतात राबणाऱ्या लोकांनी दगड पडताना प्रत्यक्ष पाहिला. तरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने नेमलेल्या मंडळींनी, ज्यांत थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, तो वीज पडलेला साधाच दगड असल्याचा निर्वाळा दिला. लाव्हाझिए यांची थोरवी याने उणावत नाही. पण सांगणारा कोण आहे यावरून सांगणे खरे की खोटे ठरविण्याची खोड विद्वानांनाही जडते, हे यातून दिसते. कालाम सुत्त वाचलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये.

१७९४ साली अर्न्स्ट क्लाडनी यांनी या सैबेरियन लोखंडावर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. (पातळ पत्र्यावर वाळू पसरून ध्वनीच्या आकृत्या दाखविणारे क्लाडनी ते हेच.) हा गोळा ज्वालामुखीतून आलेला नाही, माणसाच्या भट्टीतूनही नाही, म्हणून तो पृथ्वीबाहेरचाच असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रारंभी त्यांची थट्टा झाली. १८०३ मध्ये फ्रान्समधील लेग्ल येथे दगडांचा वर्षाव झाला, त्याची रीतसर चौकशी झाली आणि मग थट्टा थांबली.

पुढच्याच वर्षी त्याच लोखंडाने आणखी एक गुपित उघड केले. नेपल्स येथे राहणारे विल्यम थॉम्सन यांनी त्याच्या एका तुकड्यावरील गंज काढण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरले; तेव्हा गुळगुळीत पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उमटली. १८०८ मध्ये व्हिएन्नात विडमनश्टेटन यांनी दुसऱ्या एका लोह-अशनीच्या पत्र्यावर उष्णता देऊन तशीच जाळी पाहिली आणि तिला त्यांचेच नाव चिकटले.

ही जाळी म्हणजे लोखंडाचे स्वतःचेच स्फटिक. लोह व निकेल यांची मिश्रधातू फार उष्ण असताना एकजीव असते. ती निवू लागली की कमी निकेलचे कॅमसाइट जास्त निकेलच्या टीनाइटमधून पट्ट्यापट्ट्यांनी वेगळे होते. त्यासाठी घन धातूतून अणूंना वाट काढावी लागते आणि तो प्रवास अतिशय संथ असतो. अशा अशनींतील लोखंड दहा लाख वर्षांत अवघे काही अंश सेल्सिअस या गतीने निवले, असे पट्ट्यांच्या अभ्यासावरून दिसते. कोणत्याही कारखान्यात हे घडविता येणार नाही. कारणे व परिस्थिती जुळल्यावाचून काहीच उत्पन्न होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार येथे जणू धातूवर कोरलेला दिसतो.

लोह-अशनींत इतरही खनिजे सापडतात. गंधक व लोह यांचे ट्रॉयलाइट आणि फॉस्फरसयुक्त श्रायबर्साइट ही त्यांतील प्रमुख. आपल्या पेशींना लागणारा फॉस्फरस आदिम पृथ्वीवर अंशतः श्रायबर्साइटमधून आला असावा, असे काही संशोधक मानतात.

आता मूळ कोड्याकडे वळू. ऑलिव्हीन पाण्याच्या सुमारे साडेतीन पट जड, तर लोह-निकेल जवळजवळ आठ पट. दोन्ही एकत्र असता हलके खनिज वर तरंगून वेगळे व्हायला हवे. म्हणून एखाद्या लघुग्रहाचा धातूचा गाभा व त्यावरील खडकाचे आवरण जेथे भेटतात, तेथे हे मिश्रण झाले असे पुष्कळ काळ शिकविले जाई. २०१२ मध्ये जॉन टार्डुनो व सहकाऱ्यांनी चिलीतील इमिलाक आणि अर्जेंटिनातील एस्केल या अशनींचे ऑलिव्हीन तपासले. त्यात अडकलेल्या सूक्ष्म धातुकणांत प्राचीन चुंबकीय क्षेत्राची खूण शिल्लक होती. अशी खूण उमटण्यास स्फटिक निवलेला हवा. उलट चुंबकीय क्षेत्र निर्माण होण्यास गाभा वितळलेला हवा. याचा अर्थ हे स्फटिक गाभ्याला लागून नव्हते, बरेच वर होते. दुसऱ्या एका पिंडाच्या धडकेने त्याचे वितळलेले लोखंड आवरणाच्या भेगांत शिरले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सर्वच अशा अशनींना तो लागू पडतो का, यावर वाद सुरू आहे.

या जातीच्या अशनींना पल्लास यांच्यावरून पॅलेसाइट म्हणतात. गोळ्याचा मोठा भाग आज मॉस्को येथे जतन केलेला आहे. तो डोंगरावरून खाली आणणाऱ्या लोहाराचे नाव मात्र त्या जातीला मिळाले नाही.