माघ-फाल्गुनातील परसबाग

प्रस्तावना

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, महाराष्ट्रात घरोघरी मिश्र भाजी शिजते. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, असे हिवाळ्याने दिलेले जवळजवळ सारे त्या एका पातेल्यात एकत्र येते. परसबागेच्या वैभवाचा हा कळस. त्यानंतर महिन्याभरात बागेचे रूप पालटू लागते. मेथीला शेंगा धरतात, पालकाला उंच दांडे फुटतात, कोथिंबिरीवर पांढरी फुले येतात आणि मुळा पोकळ होतो. बाग संपली, असे समजून अनेक जण या वेळी तिच्याकडे पाठ फिरवतात. वास्तविक वर्षातील सर्वांत मोलाची कामे याच सुमारास करावयाची असतात.

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र आणि वैशाख या महिन्यांचा. वसंतपंचमी मात्र माघ शुद्ध पंचमीला येते. परसबागेपुरते बोलायचे, तर पंचमीचेच खरे मानावे. चैत्र उजाडेपर्यंत थांबणाऱ्याच्या वाट्याला पेरणीऐवजी कोरडी माती येते.

या पाठात बियाणे राखणे, जमीन तयार करणे, पाण्याचा हिशेब मांडणे आणि उन्हाळी भाज्यांची पेरणी करणे या कामांची माहिती दिली आहे. पाठ अभ्यासल्यानंतर ही कामे कोणत्या क्रमाने व कोणत्या कारणाने करावयाची, हे अभ्यासकास सांगता येईल.

मूळ पाठ

आधी बियाणे, मग साफसफाई

थंडी ओसरली की पहिला मोह होतो तो जुनी झाडे उपटून वाफे मोकळे करण्याचा. तो आवरावा. त्या सुकत चाललेल्या झाडांवर पुढील वर्षाची बाग लटकत असते.

बियाणे राखण्यात एक चूक फार सर्रास घडते. चांगली फळे खाण्यासाठी तोडली जातात आणि शेवटी उरलेले वाकडेतिकडे, खुरटे फळ बियाण्यासाठी सोडले जाते. असे चार-पाच वर्षे चालले, तर घरचे वाण आपोआप हलके होत जाते आणि दोष मात्र मातीला दिला जातो. निवड पीक भरात असतानाच व्हावयास हवी. जोमदार, नीरोगी व भरपूर फळणारे झाड हेरून त्याला रंगीत चिंधी बांधावी. त्या झाडावरील निवडक फळांना कोणी हात लावू नये.

वांग्याचे फळ झाडावर पूर्ण पिकून पिवळे पडले, म्हणजेच त्यातील बी तयार होते. टोमॅटोचा बियांसकट गर भांड्यात एक-दोन दिवस आंबू द्यावा. बियांवरचे बुळबुळीत आवरण सुटते, मग धुऊन बी सावलीत वाळवावे. वाल, घेवडा, चवळी यांच्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. दाणा दाताखाली धरला असता दबला, तर तो अजून ओला आहे. टचकन फुटला, तर साठवणीस योग्य. कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या भांड्यात बी ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. बियाण्याचे दोन शत्रू, ओल आणि कीड, राखेने दूर राहतात.

संकरित बियाण्यापासून आलेल्या फळाचे बी मात्र राखण्यात अर्थ नाही. त्यातून उगवणारी झाडे मूळ झाडासारखी निघत नाहीत. कोणते आजोबांवर जाते, कोणते आजीवर. म्हणूनच संकरित बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. देशी, सरळ वाणाचे बी घरात राखता येते.

ही जाणीव किती मोठे काम घडवू शकते, याचे उदाहरण अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी आहे. तेथील राहीबाई सोमा पोपेरे यांना शाळेत जाता आले नाही. शेती आणि घर सांभाळत त्यांनी आसपासच्या भागातून भाज्यांची व धान्यांची स्थानिक वाणे गोळा केली, ती जोपासली आणि त्यांची बीज बँक उभारली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणून ओळखतात. 2020 साली त्यांना ‘पद्मश्री’ हा सन्मान जाहीर झाला. शाळेचे दार बंद राहिले असले, तरी कोणते वाण कोणत्या हंगामात लावावे आणि त्याचे बी कसे टिकवावे, याचे ज्ञान त्यांनी हातांनी मिळवले होते.

राखलेले बी उगवेल की नाही, हे पेरण्याआधी पाहता येते. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ऊबदार जागी ठेवावेत. आठवड्याभरात चौदा दाण्यांना मोड आले, तर उगवण सत्तर टक्के झाली. दहापेक्षा कमी दाणे उगवले, तर ते बी दाट पेरावे किंवा शेजाऱ्याकडून नवे आणावे. बियाण्याची अशी देवाणघेवाण खेड्यापाड्यांत पूर्वापार चालत आलेली आहे.

मुळे काय सांगतात

बियाणे निघाले की जुनी झाडे काढावीत. पण सर्व सारख्याच रीतीने नव्हे. वाल, घेवडा, वाटाणा ही शेंगवर्गीय झाडे उपटू नयेत, जमिनीलगत कापावीत. त्यांच्या मुळांवरील बारीक गाठींत हवेतील नत्र धरून ठेवणारे जिवाणू असतात. मुळे जमिनीतच कुजली, तर त्या नत्राचा लाभ पुढील पिकास होतो.

याउलट वांगी, टोमॅटो आणि मिरची यांची मुळे बाहेर काढून निरखावीत. त्यांवरही कधी कधी गाठी दिसतात, परंतु त्या वेगळ्या. शेंगवर्गीय मुळांवरील गाठी मुळाला बाहेरून चिकटलेल्या असतात आणि बोटाने चोळताच सुटतात. कापल्यास आत गुलाबी रंग दिसतो. टोमॅटोच्या गाठीत मूळच सुजलेले असते. ती सुटत नाही. ही सूत्रकृमींची खूण होय. अशी मुळे खतखड्ड्यात न टाकता नष्ट करावीत. त्या वाफ्यात वर्षभर टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांपैकी काहीही लावू नये. झेंडू लावावा, कारण त्याच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात.

मुळे निरोगी असली, तरीही वांग्यानंतर मिरची वा टोमॅटोनंतर वांगी घेऊ नये. ही सारी एकाच कुळातील झाडे. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. तेथे भेंडी, गवार किंवा वेलभाज्या घ्याव्यात.

जमीन वीतभर खोल खणून आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावी. नंतर चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ‘चांगले कुजलेले’ या शब्दांना येथे महत्त्व आहे. ताज्या शेणात हुमणीच्या अळ्या असू शकतात. शिवाय कुजताना निर्माण होणारी उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही. कुजलेले खत काळसर, भुसभुशीत असते व त्याला शेणाचा वास येत नाही, तर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

याच दिवसांत पानगळ होते. अंगणात पडलेला पाचोळा झाडून होळीत टाकण्याची घाई असते. होळीला चार काटक्या पुरेत. पाचोळा बागेला हवा. वाफ्यावर चार बोटे जाडीचे पाचोळ्याचे आच्छादन असेल, तर माती तापत नाही आणि ओल दुप्पट काळ टिकल्याचे अनेकांना आढळते.

पाठगत प्रश्न
1. बियाण्यासाठी शेवटी उरलेले फळ का ठेवू नये?
2. घेवड्याच्या आणि टोमॅटोच्या मुळांवरील गाठी कशा ओळखाव्यात?

पाण्याचे माप

उन्हाळी परसबाग बहुधा कीड-रोगांनी मरत नाही; ती पाण्यावाचून मरते. फाल्गुनात उत्साहाने सहा वाफे पेरले जातात, चैत्राच्या मध्यावर विहीर खाली जाते किंवा नळ दिवसाआड येतो आणि सहाच्या सहा वाफे अर्धपोटी राहून एकही पदरी काही टाकत नाही. ज्या घरात भाजी विकत घेण्याची ऐपत बेताची असते, तेथे ही हानी केवळ हौसेची नसते. उन्हाळ्यात बाजारातील भाजी महागते, ताटातील भाजीचा घास आधी लहान होतो आणि तो बहुधा घरातील बाईच्या ताटातून कमी होतो.

म्हणून पेरणीपूर्वी पाणी मोजावे. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरले, तर ते बरोबर एक लिटर भरते. दख्खनच्या पठारावर माघात भाजीच्या वाफ्याला दिवसाला सुमारे चार मिलिमीटर पाणी लागते. वैशाखापर्यंत ही गरज सहा ते आठ मिलिमीटरपर्यंत वाढते. म्हणजे एका चौरस मीटरला रोज सहा ते आठ लिटर.

समजा, एका घरात तांदूळ-भाज्या धुतलेले, भांडी विसळलेले आणि आंघोळीचे मिळून पंधरा लिटरच्या चार बादल्या पाणी रोज उरते. एकूण साठ लिटर झाले. दर चौरस मीटरला सहा लिटर धरले, तर दहा चौरस मीटरची बाग जगेल. त्यापेक्षा मोठी नको. जागा वीस चौरस मीटर असली, तरी अर्धी जागा उन्हात तापत पडू द्यावी. हिशेब वैशाखाच्या गरजेने करावा, माघाच्या नव्हे. अनेकांचे गणित नेमके येथेच चुकते.

कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र बागेला देऊ नये. त्यातील सोडियमचे क्षार साचत गेले की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण बनते. काळ्या मातीत हा दोष लवकर दिसतो व पुढे दूर करणे कठीण जाते.

थोड्या पाण्यात वेल जगवण्याचा एक उत्तम उपाय म्हणजे मातीचे मडके. पाच-सहा लिटरचे भाजलेल्या लाल मातीचे, चकाकी नसलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे आणि भोवती वीतभर अंतरावर दुधी, दोडका किंवा काकडीच्या बिया लावाव्यात. मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी हळूहळू पाझरते. भोवतालची माती कोरडी असेल तेव्हा अधिक, ओली असेल तेव्हा कमी. मुळे मडक्यापर्यंत पोहोचेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे, वरूनही थोडे पाणी द्यावे लागते. मडक्यावर झाकण हवेच. नाहीतर भाजीबरोबर डासांचेही पीक येते.

पेरणी

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका, कारले, तांबडा भोपळा आणि माठ या उन्हाळी भाज्या. कोकणात व गोव्यात लाल माठाला ‘तांबडी भाजी’ म्हणतात. पेरल्यापासून महिन्याभरात ती ताटात येते, त्यामुळे धीर कमी असलेल्यांनी तिच्यापासून आरंभ करावा.

पेरणीची तारीख गावाप्रमाणे बदलते. या भाज्यांच्या बियांना ऊब लागते. भेंडीचे बी थंड मातीत उगवत नाही, कुजते. कोकणात व पठारावर जानेवारीच्या उत्तरार्धापासून पेरणी करता येते. दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबावे लागते. पहाटे मातीवर हात ठेवून ती बोचरी गार लागत असेल, तर आणखी आठवडाभर थांबण्यात नुकसान नाही. फार उशीर केला, तर मात्र आहे. टोमॅटोचेच पाहावे. तापमान पस्तीस अंशांपलीकडे गेले की त्याची फुले गळतात. फाल्गुनअखेर लावलेले टोमॅटोचे रोप हिरवेगार वाढते आणि फळ धरत नाही.

कारल्याचे बी कठीण कवचाचे असल्याने रात्रभर भिजत घालावे. भेंडीचेही भिजवलेले बरे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट खोल पेरावे. भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणुरोग येतो, तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. असे झाड दिसताच उपटून टाकावे. दया दाखवल्यास सारा वाफा जातो. परभणी येथील कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ हे वाण या रोगास बऱ्यापैकी तोंड देते.

वेलभाज्यांना दोन पाने फुटली की तांबडे भुंगेरे येतात व पानांची चाळण करतात. पहाटे थंडीने ते सुस्त असतात. तेव्हाच वेचून मारावेत आणि दवाने ओलसर पानांवर राख भुरभुरावी. हे पंधरा दिवस निभावले की वेल त्यांना दाद देत नाही.

दुधीबाबत एक इशारा द्यावयास हवा. क्वचित एखाद्या वेलाचे फळ कडू निघते. त्यातील कुकरबिटासिन नावाची द्रव्ये विषारी असून कडू दुधीचा रस प्याल्याने माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. चिरताना दुधीचा लहान तुकडा जिभेला लावून पाहावा; कडू लागल्यास थुंकून सबंध फळ टाकून द्यावे आणि त्या वेलाचे बी कदापि राखू नये.

चैत्राच्या सुमारास दुधीला पांढरी फुले येतात. ती संध्याकाळी उमलतात, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांची व त्यांची गाठ फारशी पडत नाही. लांब देठाचे ते नर फूल. ज्याच्या तळाशी बोटाएवढा इवलासा दुधी दिसतो ते मादी फूल. फळे पिवळी पडून गळत असतील, तर दिवेलागणीला नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या काढून आतील परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावा. तीन-चार दिवसांत तो इवला दुधी फुगू लागला, तर काम साधले.

स्वाध्याय
1. संकरित वाणाचे बी घरी राखणे निरुपयोगी का ठरते?
2. एका घरात पंधरा लिटरच्या सहा बादल्या सांडपाणी रोज मिळते. वैशाखात दर चौरस मीटरला साडेसात लिटर पाणी लागत असल्यास किती चौरस मीटर बाग करता येईल?
3. आपल्या घरी रोज किती पाणी वापरून वाया जाते, ते आठवडाभर बादलीने मोजून वहीत नोंदवा. त्यातील पावडरीचे पाणी वेगळे मांडा.
4. आपल्या परिसरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून एका जुन्या देशी भाजीचे नाव, तिची पेरणीची वेळ आणि तिचे बी राखण्याची रीत दहा वाक्यांत लिहा.