उपवासकाळाआधीचे सतरा दिवस

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घ्यायची आणि त्याच दिवशी उपवासाला लागायचं, अशीच बहुतेकांची रीत. जुन्या लॅटिन मिस्साच्या दिनदर्शिकेत मात्र त्याआधी सतरा दिवसांची तयारी होती. सेप्तुआजेसिमा, सेक्साजेसिमा आणि क्विन्क्वाजेसिमा हे तिचे तीन रविवार. १९६९च्या सुधारणेत हा काळ वगळला गेला. जुन्या विधीने मिस्सा होते तिथे तो आजही पाळतात. वसईतल्या आमच्या घरात तो पाळताना जे उमगलं, ते असं :

१. आधी वाचन, मग उपवास. या तीन रविवारांची शुभवर्तमानं ठरलेली आहेत : द्राक्षमळ्यातले मजूर, बी पेरणारा आणि यरीहोचा आंधळा. कामाला लागा, जमीन तयार करा, दृष्टी मागा. उपवासाची दिशा इथेच ठरते.

२. आलेलुयाला निरोप द्या. सेप्तुआजेसिमापासून मिस्सात आलेलुया आणि ग्लोरिया थांबतात, वस्त्रं जांभळी होतात. वेदीवरची फुलं मात्र राहतात. फ्रान्समधल्या तूल शहरात पंधराव्या शतकात गायकवृंदातली मुलं मातीचं ढेकूळ अंत्ययात्रेसारखं मिरवत नेऊन आलेलुया पुरत. आमच्याकडे मुलं रंगीत अक्षरांत ‘आलेलुया’ लिहून कागद पेटीत ठेवतात. ईस्टरला पेटी उघडताना त्यांचे चेहरे बघावेत! जे काही काळ थांबतं, त्याची किंमत कळते.

३. झावळी शोधा. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची झावळी घरातल्या अल्तारावरच्या क्रुसामागे असते. वर्षभरात ती पिवळट होते, बोट लागताच कडकड मोडते. ती चर्चमध्ये नेऊन द्या. अशाच झावळ्या जाळून बुधवारची राख होते. गेल्या वर्षीचा ‘होसान्ना’ आपल्याच कपाळी येतो.

४. आनंदाला लाजू नका. पूर्वी उपवासकाळात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असे. म्हणून आधी कोठार रिकामं करत. पोलंडमध्ये आजही राखेच्या बुधवारआधीच्या गुरुवारी तळलेले गोड पाँचकी खातात. गोव्यात इंत्रूज म्हणजे कार्निव्हल रंगतो, तिथल्या सासष्टीत ‘खेळ’ ही लोकनाट्यं होतात. वसईत लग्नं उपवासकाळाआधी उरकण्याची घाई असते. पोटभर जेवा, पाहुण्यांना बोलवा.

५. त्याच गर्दीत गुडघेही टेका. १५५६मध्ये इटलीतल्या माचेराता इथे जेज्वीट धर्मगुरूंनी कार्निव्हलच्या दिवसांतच चाळीस तासांची पवित्र साक्रामेंताची आराधना ठेवली. सण आणि प्रार्थना एकाच आठवड्यात मावतात.

६. कुमसार (पापकबुली) राखेच्या बुधवारआधी करा. मन मोकळं झालं की उपवासाचा संकल्प नेमका करता येतो. ‘मी चांगलं वागेन’ यापेक्षा ‘शुक्रवारी मांसावर खर्च होणारे पैसे गरजूला देईन’ हा संकल्प टिकतो.

यंदा राखेच्या बुधवारची वाट बघत बसू नका. सतरा दिवस आधीच शुभवर्तमान उघडा आणि घरातल्या मुलांना सोबत घ्या. उपवास तयारीने येतो, तेव्हाच तो चाळीस दिवस निभावतो.