साखळी-करवतीच्या एंजिनांतील फट

साखळी-करवतीचें बळ वाढविण्यासाठीं कारागीर सिलिंडरच्या बुडाची गॅस्केट काढून टाकतात. सिलिंडर तितका खालीं बसतो, दट्ट्याच्या माथ्यावरील फट लहान होते व इंधनमिश्रण अधिक दाबलें जातें. मात्र ही फट न मोजतां गॅस्केट काढणें म्हणजे मोजणीवांचून बांध घालणें होय.

मोजण्याची रीत अशी. स्पार्क प्लग काढावा. सुमारें १.५ मिलिमीटर जाडीची, डाग देण्याची मऊ तार प्लगच्या भोकांतून घालून सिलिंडरच्या भिंतीस टेकवावी. तार दट्ट्याच्या पिनेच्या रेषेंतच असावी. एरव्हीं दट्ट्या कलून माप खोटें येतें. नंतर चक्र हातानें फिरवून दट्ट्या शिखरापलीकडे न्यावा व तारेचें चेपलेलें टोंक व्हर्नियरनें मोजावें. दुसऱ्या बाजूसही तसेंच करावें.

आतां हिशेब पाहूं. गॅस्केटसह फट १.० मिलिमीटर व गॅस्केटची जाडी ०.५ असल्यास बाकी ०.५ राहील, इतकी सामान्यतः पुरते. मूळ फट ०.८ असल्यास बाकी ०.३ च राहील. तेथें गॅस्केट काढूं नये. वेगांत दांडा किंचित् ताणतो, दट्ट्या तापून वाढतो, काजळीही सांचते; मग दट्ट्या वर आदळतो.

गॅस्केट काढल्यास त्या जागीं उष्णता व पेट्रोल यांस टिकणारा लेप द्यावा. सांध्यांतून हवा शिरल्यास मिश्रणांत इंधन व तेल कमी पडून दट्ट्या करपतो. शेवटीं पुन्हां तार घालून माप पडताळावें. मगच दोरी ओढावी.